वलंदेजांचे पाच शनिवार : फोंड्यातील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

फोंड्याच्या वरच्या बाजारात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील सभागृहात यंदाच्या पावसाळ्यात डच लोकांच्या आरंभीच्या राजकीय इतिहासावर पाच शनिवारांचा सशुल्क अभ्यासवर्ग झाला. शुल्क १,८०० रुपये होते आणि त्यात छापील टिपणे, चहा-फराळ आणि अखेरीस वेंगुर्ल्याच्या डच वखारीची एका दिवसाची सहल एवढे सामील होते. व्याख्याते इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक होते आणि वर्ग संपूर्णपणे मराठीतून झाला. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या; पहिल्या दिवशी त्यांपैकी एकतीस भरल्या आणि शेवटच्या शनिवारी सव्वीस. मी लेखा खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासल्यामुळे मोजदाद करण्याची खोड अंगात भिनलेली आहे आणि हे परीक्षणही बरेचसे त्याच खोडीतून उतरले आहे. पुढची तुकडी चतुर्थीनंतर सुरू होणार असल्याचे कळल्यावर नाव नोंदवावे की नाही, असे ओळखीच्या तिघाचौघांनी विचारले, म्हणून प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहीत आहे.

गोव्यातील वाचकाला डच माणूस भेटतो तो समुद्रावरून येणारा शत्रू म्हणून. आग्वादचा किल्ला १६१२ मध्ये मांडवीच्या मुखावर उभा राहिला तो मुख्यत्वे याच लोकांच्या धास्तीने. १६३६ पासून १६४४ पर्यंत त्यांची गलबते दरवर्षी येऊन बंदराची कोंडी करत आणि सप्टेंबर १६३९ मध्ये त्यांनी मुरगावच्या बंदरात शिरून पोर्तुगीजांची मोठी लढाऊ जहाजे जाळली. मराठी कागदपत्रांत त्यांना ‘वलंदेज’ म्हटले आहे, आणि आज्ञापत्रात टोपीकरांची यादी देताना फिरंगी, इंग्रज, फरासीस यांच्या ओळीत त्यांनाही बसवले आहे. आपली ओळख इथेच थांबते. हे लोक आले कुठून, त्यांच्या डोक्यावर राजा का नव्हता, आणि राजा नसताना इतक्या दूर आरमार पाठवण्याचा खर्च कोण कोणाकडून वसूल करत होते, हे प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. अभ्यासवर्गाच्या पत्रकात नेमके हेच प्रश्न छापले होते आणि मी पैसे भरले ते त्या शेवटच्या प्रश्नासाठी.

पहिल्या सत्राबद्दल थोडक्यात सांगता येईल. व्याख्यात्यांनी सुरुवात ऱ्हाइन नदीच्या मुखाजवळ राहणाऱ्या बाटाव्ही टोळीपासून केली. इसवी सन ६९ मध्ये गायस ज्युलियस सिव्हिलिस या त्यांच्या एकाक्ष म्होरक्याने रोमविरुद्ध बंड पुकारले. त्याची हकीकत टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवली म्हणूनच ती आपल्याला ठाऊक आहे. बंड वर्षभरात शमले. पुढे पंधराशे वर्षांनी, स्पेनशी भांडण पेटल्यावर डच विद्वानांनी ही हकीकत पुन्हा उकरून काढली आणि १६१० मध्ये ह्यूगो ग्रोशियस या कायदेपंडिताने तर असे प्रतिपादन केले की, बाटाव्हींच्या काळापासून आपल्या भूमीवर लोकप्रतिनिधींच्या सभांचीच सत्ता अखंड चालत आली आहे. व्याख्यात्यांनी ही कल्पना शांतपणे मोडून काढली. टोळी आणि नंतरचे डच लोक यांच्यामध्ये फ्रँक, फ्रिझियन, सॅक्सन अशा किती लोकांची सरमिसळ झाली, हे त्यांनी नकाशावर दाखवले. मात्र मोडून काढतानाही ही कल्पना किती कामाची ठरली हे सांगायला ते विसरले नाहीत. जावा बेटावर १६१९ मध्ये डचांनी उभारलेल्या राजधानीला बटाव्हिया हे नाव त्याच टोळीवरून मिळाले. ॲमस्टरडॅमच्या नगरभवनासाठी रेम्ब्रांटने सिव्हिलिसच्या कटाचे भव्य चित्र काढले, ते थोडेच दिवस भिंतीवर टिकले आणि परत आले. आज त्याचा उरलेला तुकडा स्टॉकहोममध्ये आहे. आपल्या घराण्याचे मूळ थेट परशुरामाने आणलेल्या कुळांपर्यंत नेणारे दोघेतिघे वर्गात होते. ते या भागात जरा अस्वस्थ वाटले.

माझ्या मते संपूर्ण शुल्क वसूल झाले ते दुसऱ्या शनिवारी. त्या सत्रात राजे जवळजवळ नव्हतेच. होते ते पाणी. अकराव्या शतकापासून पुढे हॉलंड आणि उत्रेख्तच्या दलदलीत वसाहतकरूंना ठरावीक मापाच्या लांबट पट्ट्या नाममात्र खंडाने देण्यात आल्या. त्यांनी चर खणून पाणी काढले, शेती केली, आणि निचरा झालेली ती पाणथळ माती वर्षानुवर्षे खचत गेली. जमीन जसजशी खाली बसली तसतसे नदीचे आणि समुद्राचे पाणी डोक्यावर येऊ लागले. मग बांध घालणे आले, बांधाची देखरेख आली, ती कोणी किती करायची याची वाटणी आली आणि वाटणीवरून होणारी भांडणे मिटवणारी मंडळेही आली. ऱ्हाइनलंडच्या जलमंडळाचे दस्तऐवज तेराव्या शतकापासूनचे आहेत. मंडळाचा प्रमुख म्हणजे बांधाचा अधिकारी आणि त्याच्यासोबत जमीनधारकांतून घेतलेले पंच. ज्याची जितकी जमीन तितका त्याच्या वाट्याचा बांध, आणि तपासणीच्या दिवशी तुकडा नादुरुस्त आढळला तर दंड, असा हा कारभार चाले. ज्याला आपला वाटा राखणे झेपत नसे त्याने बांधात आपली कुदळ रोवून निघून जायचे. जो ती कुदळ उपसेल त्याच्याकडे जमीनही गेली आणि बांधाची जबाबदारीही. या एका रिवाजावर व्याख्याते वीस मिनिटे बोलले आणि एकाही श्रोत्याने घड्याळ पाहिले नाही.

त्याच वेळी चोडणहून आलेले एक शेतकरी गृहस्थ उठले. साठी उलटलेली, पावसात भिजलेली छत्री खुर्चीला टेकवलेली. व्याख्यात्यांनी फळ्यावर बांधाचा छेद काढून त्यात पाणी बाहेर सोडण्याचे दार दाखवले होते, ते त्यांना पटले नव्हते. ते पुढे गेले, खडू घेतला आणि खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतील मानशीचे लाकडी दार कसे बसवतात ते काढून दाखवले. सुकतीला आतल्या पाण्याच्या जोराने दार बाहेरच्या बाजूला उघडते आणि भरती चढू लागली की बाहेरचे पाणीच त्याला दाबून बंद करते. माणसाने फक्त फळी कुजली की बदलायची आणि सांध्यात शिरलेला कचरा काढायचा. “बिजागरी चुकीच्या बाजूला लावलीत सर, तुमचे दार भरतीला उघडेल,” असे ते म्हणाले आणि वर्गात हशा पिकला. व्याख्यात्यांनी मोकळेपणाने चूक कबूल केली, चित्र पुसले आणि त्यांनाच पुढची दहा मिनिटे बोलू दिले. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेच्या, गावकारांनी बांधाचा खर्च कसा उचलायचा, कोणाचे कूळ किती वाटा देणार, हे सगळे चोडणच्या त्या गृहस्थांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकले होते. गोव्यातील गावकारांच्या या रूढी अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, नोंदवून घेतल्या, याची आठवण व्याख्यात्यांनी करून दिली. वर्गातील सर्वांत जिवंत तास तो हाच. तो पत्रकात नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

या पाण्यापासून व्याख्याते राजकारणावर ज्या तऱ्हेने आले ती मला विशेष आवडली. हॉलंडच्या सरदार घराण्याने आपले पाय रोवले तेही पाण्यावरच. काउंट तिसरा डर्क याने नदीवरून इंग्लंडकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून मनमानी जकात घेण्यास सुरुवात केली, व्यापाऱ्यांनी सम्राटाकडे गाऱ्हाणे नेले, आणि १०१८ मध्ये सम्राटाचे सैन्य फ्लार्डिंगेनच्या चिखलात येऊन पार मोडले. उत्तरेकडे फ्रिझियन लोकांनी तर शतकानुशतके कोणाही सरंजामदाराला डोक्यावर बसू दिले नाही. हॉलंडचा काउंट विल्यम दुसरा, जो जर्मनीचा राजा म्हणूनही निवडला गेला होता, तो १२५६ मध्ये त्यांच्यावर चालून गेला तेव्हा गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ घोड्याखाली फुटला आणि तिथेच तो मारला गेला. म्हणजे वरून आलेल्या सत्तेला या चिखलात फार वाव नव्हता, आणि तिला पैसा हवा असेल तर शहरांशी आणि जमीनधारकांशी बोलणी करावी लागत. पैसा घेताना ती जे लिहून देई त्या कागदाला व्याख्याते ‘सनद’ म्हणत होते. टिपणांत मात्र त्याच गोष्टीला ‘विशेषाधिकार’ असा शब्द वापरला आहे, जो वाचून कोणालाही दरबारी मानपान आठवेल. व्याख्यात्यांचा शब्द अचूक आहे आणि पुढच्या छपाईत तोच घ्यावा. आपल्याकडे सनद म्हटले की देणारा, घेणारा, तारीख, शिक्का आणि मोडल्यास होणारी तक्रार हे सारे एका शब्दात येते.

तिसरे सत्र बर्गंडीच्या ड्यूक घराण्याचे. हूक आणि कॉड या नावांच्या दोन तटांतील दीर्घ भांडणे, हॉलंडची काउंटेस असलेल्या बव्हेरियाच्या याकोबाची फरफट आणि १४३३ मध्ये तिने चुलतभाऊ फिलिप द गुड याच्या हाती सोडलेले हॉलंड-झीलंड हा भाग व्याख्यात्यांनी अर्ध्या तासात उरकला आणि ते बरेच झाले. त्यांनी वेळ दिला तो दोन तारखांना. ९ जानेवारी १४६४ या दिवशी फिलिपच्या निरनिराळ्या प्रांतांचे प्रतिनिधी ब्रुज येथे प्रथमच एकत्र बसले. पुढे ‘स्टेट्स जनरल’ म्हणून गाजलेल्या सभेची सुरुवात तिथे मानतात. तिचा हेतू राज्यकर्त्याला एकाच ठिकाणी सगळ्यांकडून पैसे मागता यावेत हा होता, पण एकाच ठिकाणी मागितलेला पैसा एकाच ठिकाणी नाकारताही येतो हे प्रतिनिधींच्या लवकरच लक्षात आले. दुसरी तारीख ११ फेब्रुवारी १४७७. महिन्याभरापूर्वी नान्सीच्या लढाईत फिलिपचा मुलगा चार्ल्स द बोल्ड मारला गेला होता, तिजोरी रिकामी होती, फ्रान्सचे सैन्य सीमेवर होते आणि वारस होती ती त्याची एकोणीस वर्षांची मुलगी मेरी. प्रांतांनी तिच्याकडून ‘मोठी सनद’ लिहून घेतली. सभांनी आपल्या मर्जीने एकत्र यावे, त्यांच्या संमतीवाचून युद्ध किंवा नवा कर नसावा, अधिकारी स्थानिक असावेत आणि राज्यकर्त्याने सनद मोडली तर प्रजेला आज्ञापालनाचे बंधन राहणार नाही, असा तिचा आशय होता. मेरी १४८२ मध्ये घोड्यावरून पडून वारली, तिच्या हॅब्सबर्ग वारसांनी ही सनद पुढे गुंडाळून ठेवली. परंतु एकदा शिक्क्यानिशी लिहिलेला कागद शहरांच्या पेट्यांत राहिला तो राहिलाच.

याच सत्रात वर्गाचा पहिला मोठा दोष उघड झाला. पडद्यावर दाखवलेला नकाशा आजच्या नेदरलँड्सचा होता. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५४९ मध्ये ज्या सतरा प्रांतांना एकाच वारशाच्या सूत्रात बांधले, त्यांत आजचे बेल्जियम आणि लक्झेंबर्ग बहुतांशी येतात. चार्ल्सचा जन्म गेंटचा, राजधानी ब्रुसेल्स, आणि पैशाची खरी पेठ अँटवर्प. ही तिन्ही शहरे आमच्या नकाशावर रंगाबाहेर, परदेशात पडली होती. परिणामी श्रोत्यांचा असा समज होऊ लागला की, ॲमस्टरडॅम आणि हेग येथील लोकांनी बाहेरच्या राजाविरुद्ध बंड केले. वास्तविक बंडाची सुरुवात दक्षिणेतच झाली आणि उत्तर-दक्षिण अशी फाळणी हा युद्धाचा परिणाम होता. मी हे चहाच्या वेळी बोलून दाखवले तेव्हा आयोजकांनी मान डोलावली, पण पुढच्या शनिवारी तोच नकाशा पुन्हा लागला. गोव्याचा नकाशा दाखवताना पोर्तुगीज काळाच्या आरंभी तिसवाडी, बारदेश, सासष्टी एवढाच मुलूख त्यांचा होता हे आपण जसे ठासून सांगतो, तशीच काळजी दुसऱ्याच्या नकाशाबाबत घ्यायला हरकत नसावी.

चौथ्या शनिवारी बंड सुरू झाले आणि व्याख्यात्यांना नायकांचा मोह आवरला नाही. १५५५ मध्ये ब्रुसेल्सला चार्ल्सने राज्यत्याग केला तेव्हा तो ऑरेंजच्या तरुण विल्यमच्या खांद्याचा आधार घेऊन उभा होता, आणि त्याच विल्यमने पुढे चार्ल्सच्या मुलाविरुद्ध, स्पेनचा राजा झालेल्या दुसऱ्या फिलिपविरुद्ध, शस्त्र उचलले, हा प्रसंग नाट्यमय आहे यात शंका नाही. १५६६ ची सरदारांची अर्जी, त्याच उन्हाळ्यातील चर्चमधील मूर्तींची तोडफोड, १५६७ मध्ये फिलिपचे सैन्य घेऊन आलेला आल्बाचा ड्यूक, १५६८ मध्ये ब्रुसेल्सच्या चौकात शिरच्छेद झालेले एग्मोंट आणि होर्न हे सरदार, १ एप्रिल १५७२ रोजी समुद्री बंडखोरांनी घेतलेले ब्रीलचे बंदर, असे एकामागून एक प्रसंग रंगवून सांगण्यात दोन तास गेले. ऐकायला गोड होते. पण आल्बाच्या ‘दहाव्या पेनी’च्या करावर जेमतेम पाच मिनिटे पडली आणि तिथे माझ्यासारख्याची निराशा झाली.

तो कर समजून घेतल्याशिवाय हे बंड समजत नाही. आल्बाने १५६९ मध्ये तीन कर मांडले: मालमत्तेवर एकदाच एक टक्का, स्थावराच्या विक्रीवर पाच टक्के आणि जंगम मालाच्या प्रत्येक विक्रीवर दहा टक्के. शेवटचा कर प्रत्येक विक्रीवर होता, यातच सारी ग्यानबाची मेख आहे. लोकर विकली की दहा टक्के, तिचे सूत विकले की पुन्हा दहा, कापड विकले की पुन्हा, रंगवून विकले की पुन्हा. आजच्या जीएसटीत आधी भरलेल्या कराची वजावट मिळते. आल्बाच्या करात ती सोय नव्हती, आणि ज्या मुलखाचे पोटच एकाच मालाच्या पाच वेळा होणाऱ्या खरेदी-विक्रीवर भरते त्याला असा कर म्हणजे गळ्याला फास. त्याहून महत्त्वाचे असे की, हा कर कायमचा होता. सभांनी दरवर्षी मंजूर केलेला पैसा राजाला दरवर्षी मागावा लागतो. कायमचा कर एकदा बसला की सभा बोलावण्याचे कारणच उरत नाही. कॅथलिक असोत वा प्रोटेस्टंट, सर्व शहरे या एका मुद्द्यावर बिथरली. व्याख्यात्यांनी धर्माच्या प्रश्नाला योग्य तो वेळ दिला, पण हिशेबाचा प्रश्न त्याच्या सावलीत ठेवला.

याच सत्रातील लायडनच्या वेढ्याचा भाग मात्र सुरेख झाला. १५७४ मध्ये स्पॅनिश वेढा उठवण्यासाठी बंडखोरांनी बांध फोडून आपलीच शेते बुडवली आणि त्या पाण्यावरून सपाट तळाच्या होड्या ३ ऑक्टोबरला शहरात पोहोचल्या. गमावलेल्या मुलखापेक्षा नासलेला मुलूख बरा, असे तेव्हा म्हटले जात होते. हे ऐकताच चोडणच्या गृहस्थांनी हात वर केला आणि खारे पाणी एकदा आत शिरले की पुढची दोन-तीन वर्षे त्या शेतात भाताचे नाव घ्यायचे नाही, हे त्यांनी सांगितले. ज्यांची शेते बुडाली त्यांना कोणी काही दिले का, असा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर वर्गात मिळाले नाही.

आता पाचवे सत्र, ज्यासाठी सगळा खटाटोप. इथे वेळेचे गणित पूर्णपणे कोलमडले. आदल्या वेळचा राहिलेला भाग पुरा करण्यात पाऊण तास गेला, मध्येच प्रोजेक्टर बंद पडला, आणि १५७६ पासून १५८८ पर्यंतची बारा वर्षे, म्हणजे या इतिहासाचा गाभा, सव्वा तासात कोंबली गेली. पगार थकलेल्या स्पॅनिश सैन्याने ४ नोव्हेंबर १५७६ रोजी अँटवर्प लुटले आणि चारच दिवसांनी सर्व प्रांतांनी गेंट येथे समेट केला, हे नीट सांगून झाले. २३ जानेवारी १५७९ चा उत्रेख्तचा करारही बऱ्यापैकी उलगडला. तो करार म्हणजे राज्यघटना नव्हे. स्वतंत्र प्रांतांनी युद्ध एकत्र चालवण्यासाठी केलेला तह होता. युद्ध, तह आणि सर्वांवरचे कर यांसाठी एकमत आवश्यक होते, आणि तेराव्या कलमाने कोणाचाही त्याच्या धर्मावरून छळ किंवा चौकशी होणार नाही असे ठरले. जुन्या गावकरीत एका गावकाराच्या नकारानेही ठराव अडत असे, असे आपण ऐकत आलो आहोत. उत्रेख्तचे एकमत वाचताना त्याची आठवण येतेच.

यानंतर दुसऱ्या फिलिपला राजा मानणे सोडून देणारे २६ जुलै १५८१ चे ते प्रसिद्ध फर्मान. त्याच्या निवडक भागाचा मराठी अनुवाद व्याख्यात्यांनी स्वतः करून सर्वांना वाटला होता आणि वर्गाचे सर्वांत मोलाचे साहित्य म्हणून मी तो कागद जपून ठेवला आहे. एकेक वाक्य बारा-पंधरा ओळींचे, वकिलाच्या अर्जासारखे. ईश्वराने प्रजा राजासाठी निर्माण केली नसून राजा प्रजेसाठी आहे, मेंढपाळ जसा मेंढरांसाठी; तो रक्षण करण्याऐवजी त्यांना छळू लागला, त्यांच्या जुन्या सनदा आणि रूढी हिरावू लागला, तर तो राजा राहत नाही आणि प्रजेने सभांमार्फत त्याला सोडून दुसरा धनी करावा, असा युक्तिवाद आहे. मग व्यवहाराची कलमे येतात: राजाचे नाव आणि शिक्का यापुढे वापरू नये, नाण्यांवर त्याचे नाव नको, सर्व अधिकाऱ्यांनी त्याची शपथ सोडून नवी शपथ घ्यावी. टिपणांत याला ‘स्वातंत्र्याची घोषणा’ म्हटले आहे ते चूक आहे. डच नावाचा अर्थ ‘सोडून दिल्याचे फर्मान’ एवढाच आहे आणि त्यात प्रजासत्ताकाचा शब्दही नाही. याखेरीज टिपणांत हे वर्ष १८५१ असे छापले गेले आहे. आकड्यांची अदलाबदल कोणाच्याही हातून होते, पण ज्या एका तारखेवर सगळा वर्ग उभा आहे तिच्याच बाबतीत ती व्हावी, हे लेखापरीक्षकाच्या नजरेतून सुटणे अशक्य होते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. गोव्यात बसून १५८१ शिकवायचे आणि गोव्याचे १५८१ सांगायचे नाही, हे मला समजले नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोर्तुगालच्या सभेने तोमार येथे याच फिलिपला आपला राजा म्हणून मान्य केले. म्हणजे ज्या वर्षी हेग येथे त्याची शपथ सोडली गेली, त्याच वर्षी गोव्याच्या कारभाऱ्यांनी त्याच्या नावाची शपथ घेतली, आणि पुढे १६४० पर्यंत इथले व्हाइसरॉय स्पेनच्या राजाच्याच नावाने कारभार पाहत होते. वलंदेजांची जहाजे मांडवीच्या तोंडावर का आली याचे निम्मे उत्तर या एका योगायोगात आहे: त्यांचा शत्रू आता आमचा राजा होता. १५८३ मध्ये यान हायखेन फान लिन्स्कोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून म्हणून इथे आला, पाच वर्षे राहिला, सर्व पाहून टिपून घेऊन परतला, आणि १५९६ मध्ये त्याने ते छापले. त्याच्या मायदेशाने सोडलेल्या राजाच्या राजधानीत तो पगार घेत होता. हे सांगायला दहा मिनिटे लागली असती. एका श्रोत्या बाईंनी, त्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नियमित जाणाऱ्या आहेत, शेवटच्या प्रश्नोत्तरांत तोमारचा विषय काढला तेव्हा व्याख्याते म्हणाले, “बाई, तुम्ही माझे सहावे व्याख्यान सांगून टाकलेत.” सहावे व्याख्यान पत्रकात नव्हते.

वेळेअभावी आणखी एक गोष्ट राहून गेली, आणि ती नसेल तर डच प्रजासत्ताक म्हणजे काही थोरांनी ठरवून उभारलेली इमारत असा समज होतो. फिलिपला सोडल्यावर या लोकांनी लगेच दुसरा राजा शोधायला घेतला होता. फ्रान्सच्या राजाचा भाऊ, आंजूचा ड्यूक, याला आणले. त्याने जानेवारी १५८३ मध्ये अँटवर्प बळकावण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि पुढच्या वर्षी तो वारला. १० जुलै १५८४ ला डेल्फ्टमध्ये विल्यमचा खून झाला. मग फ्रान्सच्या राजाला विनवले, त्याने नकार दिला. इंग्लंडच्या एलिझाबेथने मुकुट नाकारला पण लेस्टरच्या अर्लला सैन्यासह पाठवले, आणि तोही १५८७ अखेर भांडून परत गेला. १५८८ मध्ये प्रांतांच्या सभांनी राजा शोधणे थांबवले आणि कारभार आपणच पाहायचे ठरवले. योग्य स्थळ न मिळाल्यामुळे घरीच राहिलेल्या मुलीने पुढे सारे घर सांभाळावे, तसे हे प्रजासत्ताक आहे. हा क्रम सव्वा तासाच्या घाईत दोन वाक्यांत गेला. मी तो घरी येऊन पुन्हा वाचून काढला.

त्या प्रजासत्ताकाचा कारभार कसा चाले, हे मात्र व्याख्यात्यांनी शेवटच्या पंधरा मिनिटांत फळ्यावर आकडे मांडून स्पष्ट केले आणि माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले. फाळणीनंतर उत्तरेत उरलेल्या सात प्रांतांना स्टेट्स जनरलमध्ये प्रत्येकी एक मत. सामायिक खर्चात हॉलंडचा वाटा सुमारे ५८ टक्के, तरी मत एकच. प्रतिनिधींना महत्त्वाच्या बाबतीत आपल्या प्रांताला विचारून यावे लागे, प्रांताला शहरांना विचारावे लागे, आणि हॉलंडच्या सभेत अठरा शहरांची अठरा मते आणि सर्व सरदारांचे मिळून एक. राजाचा प्रांतातील नायब, म्हणजे स्टाडहाउडर, हे पद राजा गेल्यावरही राहिले. नायब राहिला आणि ज्याचा तो नायब तो नाहीसा झाला. इतका अडखळणारा कारभार ऐंशी वर्षांचे युद्ध रेटून १६४८ मध्ये स्पेनकडून मान्यता कशी मिळवू शकला, याचे उत्तर व्याख्यात्यांनी एका वाक्यात दिले: ज्यांना विचारून कर बसवला ते कर्जही देतात. १६०२ मध्ये स्टेट्स जनरलने ईस्ट इंडिया कंपनीला तह करण्याचे, किल्ले बांधण्याचे आणि सैनिक ठेवण्याचे अधिकार दिले, तीही एक सनदच, आणि तिचे एक टोक वेंगुर्ल्यापर्यंत आले.

सहलीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बस पाऊण तास उशिरा आली, पाऊस धो-धो होता आणि १६३७ मध्ये सुरू झालेल्या त्या वखारीच्या पडझड झालेल्या भिंतींभोवती आम्ही छत्र्या सांभाळत फिरलो. भिंतीच्या एका कोनाड्यात वडाचे मूळ हाताच्या मनगटाएवढे उतरले होते आणि त्याच्या दाबाने चिऱ्यांचा सांधा चांगला बोटभर उघडला होता. गोव्याची कोंडी करणाऱ्या जहाजांना ताजे पाणी, भाजीपाला आणि बातम्या इथून पुरवल्या जात, एवढे सांगून व्याख्यात्यांनी आम्हाला मोकळे सोडले. चोडणचे गृहस्थ वखारीपेक्षा पलीकडच्या ओहोळाचे पाणी कुठे जाते ते पाहण्यात गुंतले होते.

नाव नोंदवणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. सत्र दुपारी चारला सुरू होते म्हणतात, पण सव्वाचार धरावे. पंख्याखालच्या खुर्च्या पहिल्या रांगेत नाहीत. फराळात तीन वेळा बन-भाजी आणि दोन वेळा बटाटवडा होता, चहा गोड. सहलीतील दुपारचे जेवण शुल्कात धरलेले नाही, ते वेंगुर्ल्यात आपापल्या खर्चाने. आम्ही माशांचे ताट घेतले आणि ते बसच्या उशिराची भरपाई करून गेले. टिपणांची पाने बत्तीस, त्यांत १५८१ जिथे जिथे १८५१ झाले आहे अशा जागा तीन: पान ४, पान १९ आणि मागचे वेष्टन. नव्या तुकडीत सहावे सत्र वाढवून शुल्क २,१०० रुपये करण्याचा विचार असल्याचे आयोजकांनी परतीच्या बसमध्ये सांगितले. तोमार त्यात येणार असेल, तर ते वरचे तीनशे रुपये मी एकट्या त्या सत्रासाठी भरायला तयार आहे, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.